फाशी नकोच, आणि नाशिकची केस सगळ्यांनी वाचा

एखादी भयंकर घटना घडली की दुसऱ्या दिवशी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच सुरू होतं, भर चौकात लटकवा, खटला कशाला पाहिजे वगैरे. कोपर्डीच्या वेळी हेच, दिल्लीच्या वेळी हेच. आणि मी फाशीच्या विरोधात काही लिहिलं की हमखास प्रश्न येतो, ताई तुमच्या घरात झालं असतं तर? माझ्या घरात झालं असतं तर मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला असता, त्यात काय शंका. म्हणूनच शिक्षा ठरवायचं काम आपण घरच्यांकडे देत नाही, कोर्टाकडे देतो. आता ते कोर्ट आणि त्याच्या आधीचे पोलीस कसं काम करतात ते बघा. मी दरवेळी एकच केस सांगते, आपल्याच राज्यातली, तरी दहातल्या नऊ जणांनी ती ऐकलेली नसते.

जून 2003, नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. एकाच घरातली पाच माणसं मारली, बलात्कारही झाले. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. पोलिसांनी सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. 2006 मध्ये नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही फाशी परत आणली, म्हणजे पुन्हा सहाच्या सहा. पुनर्विचार अर्ज 2010 मध्ये फेटाळला. यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे तर कितीतरी नंतर पुढे आलं!

आणि मग केस परत उघडली आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर त्या वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखून दाखवले होते आणि ते चौघं म्हणजे हे सहा जण नव्हतेच, वेगळीच माणसं होती. हे कागदावर होतं. पण त्या चौघांचा तपास पुढे कुणी नेलाच नाही. एक बाई, डोळ्यासमोर घर संपलेलं, अंगावर जखमा, तशा अवस्थेत फोटोवर बोट ठेवून सांगते की हे होते, आणि आपली यंत्रणा ते बाजूला ठेवून दुसऱ्याच सहा जणांना फासाच्या दारात नेऊन उभं करते. मला सांगा यात त्या बाईला तरी न्याय कुठे मिळाला?

सहा जणांची सोळा वर्षं गेली. कोर्टाने प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले. महिन्याचा हिशोब केला तर साधारण 2600 रुपये पडतात. तरी ते जिवंत होते म्हणून घ्यायला तरी आले. 2010 नंतर कधीही दयेचा अर्ज फेटाळून फाशी उरकली असती तर आपण पेढे वाटले असते आणि कुणाला काही कळलंच नसतं.

दुसरी केस पुण्याची, 1994 च्या हत्याकांडाची. त्यातल्या एकाची फाशी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झाली. मार्च 2023 मध्ये शाळेच्या दाखल्यावरून ठरलं की गुन्ह्याच्या वेळी तो 12 वर्षं 6 महिन्यांचा होता. सुटला तेव्हा 28 वर्षं आत काढलेली होती. सातवीतल्या पोराच्या वयाचा मुलगा हो!

पैसे असते, सुरुवातीपासून चांगला वकील असता तर वयाचा दाखला शोधायला एवढी वर्षं लागली असती का? फाशीच्या कोठडीत कोण बसलंय बघायला गेलात तर बहुतेक गरीब, कमी शिकलेले, दलित, आदिवासी, अल्पसंख्याक, हेच दिसतात. "दुर्मिळातलं दुर्मिळ" प्रकरण असेल तरच फाशी, ही कसोटी 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात आली, पण ती लावणारा न्यायाधीश बदलला की उत्तर बदलतं. वर सांगितलेल्या तिघांचंच बघा, 2007 ला जन्मठेप, 2009 ला फाशी, 2019 ला निर्दोष. पुरावा तोच!

बलात्काराला फाशी हवीच असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मी जास्त बोलते कारण त्यांची तळमळ खरी आहे. पण नोंदवलेल्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, काका, मामा, शेजारी, क्लासचा सर. काकाला फाशी होईल म्हटल्यावर घरातलेच त्या पोरीला गप्प बसवणार, आणि उद्या साक्षीदार नको म्हणून तिला मारून टाकायचा विचार त्याच्या डोक्यात आणखी लवकर येणार. महाराष्ट्रात बलात्काराला फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक आलं तेव्हा अनेक महिला संघटना हेच ओरडून सांगत होत्या. त्यापेक्षा पोलीस ठाण्यात तक्रार नीट घ्या, फॉरेन्सिकचे रिपोर्ट वेळेत आणा, खटला वर्षानुवर्षं लटकवू नका.

आणि हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी, 3 जून 1949 ला संविधान सभेत खुद्द बाबासाहेबांनी फाशीची शिक्षा पूर्णपणे रद्द करावी असं मत मांडलंय. 2015 मध्ये न्या. ए. पी. शहांच्या विधी आयोगानेही दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे सोडून बाकी सगळ्यासाठी फाशी काढा म्हणून शिफारस केली. मी तर तो अपवादही नको म्हणते, कारण दहशतवादाच्या केसमध्ये तर पोलिसांवर प्रेशर सगळ्यात जास्त असतं आणि चुकीची माणसं तिथेही पकडली जातात.

गुन्हेगाराला मोकळं सोडा असं आमच्यातलं कुणीच म्हणत नाही. मरेपर्यंत बाहेर न येणारी जन्मठेप देता येते, 2008 पासून सुप्रीम कोर्टाने तशा शिक्षा दिल्यात. 10 ऑक्टोबरला फाशीविरोधी दिवस असतो, आम्ही दरवर्षी सह्या गोळा करतो, यंदाही करणार. सही करायची नसेल तरी या, भांडायला या. फक्त येण्याआधी नाशिकच्या केसचा 2019 चा निकाल वाचून या, सुप्रीम कोर्टाच्या साइटवर आहे.