युद्धखात्याच्या इमारतीत आता फ्लॅट

आपल्याकडून लंडनला आलेले पाहुणे व्हाइटहॉलवर घोडेस्वार पहारेकऱ्यांसोबत फोटो काढतातच. तो झाला की मी त्यांना रस्त्यापलीकडे बघायला सांगते. घुमटांची ती अवाढव्य दगडी इमारत म्हणजे जुनं युद्धखातं, ओल्ड वॉर ऑफिस. १९०६ साली बांधून पूर्ण झालेली. जागा वेडीवाकडी, तिचे तिरके कोन नजरेत येऊ नयेत म्हणून कोपऱ्यांवर घुमट चढवले. आत तेव्हा सुमारे १,१०० खोल्या होत्या.

२०१४ साली हिंदुजा समूहाने ती २५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. हो, माहीमच्या हॉस्पिटलवाले हिंदुजा. २०२३ पासून तिथे पंचतारांकित हॉटेल आणि ८५ आलिशान फ्लॅट आहेत. एकेकाची किंमत काही दशलक्ष पौंड, म्हणजे नोकरदारांनी विचारूच नये अशी.

तरी मला हा बदल पटतो. सरकारी इमारत रिकामी राहिली की तिचे हाल काय होतात, हे आपण गावोगाव पाहिलंय. इथे संगमरवरी जिन्याचा एकेक कठडा जपलाय. शिवाय पूर्वी कामाशिवाय कुणी आत पाऊल टाकू शकत नव्हतं. आता खिशाला थोडी कात्री लावून चहा तरी घेता येतो.

माझा जीव अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. चर्चिल, किचनर, हॉल्डेन या युद्धमंत्र्यांची नावं इथे मिरवली जातात. पण पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या फेब्रुवारीत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेची सूत्रं याच युद्धखात्याने हाती घेतली, तेव्हा ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन तिथल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची पाळी आली. सुटकेसाठी निघालेल्या फौजा पोचल्याच नाहीत. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली आणि त्यांतले कितीतरी कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत गेले.

कोकणातल्या, साताऱ्याकडच्या घरांतून गेलेली ही पोरं. आता या इमारतीचा इतिहास तिच्या भाड्याइतकाच मोलाने विकला जातो, तर त्या जिन्यापाशी पूना डिव्हिजनचं नाव ठळक अक्षरांत असलंच पाहिजे. मालक मुंबईशी नातं सांगणारे आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर अवघड काय आहे?