निष्क्रिय खाते
सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील एका बँक शाखेत माझ्या उन्हाळी इंटर्नशिपचा आज अकरावा दिवस होता. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या एक आजी पासबुक घेऊन आल्या. त्याची पाने बोटांच्या डागांनी पिवळी झाली होती. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झाल्याने त्यांचे बचत खाते निष्क्रिय ठरले होते, आणि "माझं पैसं गेलं का रं, बाळा?" या प्रश्नाला मी पुस्तकी व्याख्येने उत्तर देऊ लागलो, तेव्हा शेजारच्या मॅडमनी मला थांबवले. "आजी, पैसे आहेत तिथंच आहेत, व्याजही जमा होतंय." केवायसीचा अर्ज मीच भरून दिला. खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्क लागत नाही, हे (बी.कॉम.ची दोन वर्षे होऊनही) मला आजच समजले. अंगठ्याची शाई पुसायला आजींनी माझाच रुमाल मागून घेतला.