आधी ज्योत, मग पाणी

बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. अकरा वर्षं मी हा प्रयोग टेबलावर करून दाखवला आणि फळ्यावर दरवर्षी तेच लिहिलं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलं उतरवून घ्यायची, तास वेळेत संपायचा.

यंदा नेमका घसा बसला. बोलायचीच सोय नव्हती, म्हणून सहावीच्या मुलांचे चार-चारचे गट केले, सामान वाटलं, काडेपेटी स्वतःकडे ठेवली आणि फळ्यावर लिहिलं, ‘करा. दिसेल ते लिहा.’ (श्रेय घशाला.)

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मेणबत्त्या आडव्या, वह्या ओल्या. मग एरवी तोंडही न उघडणारी एक मुलगी वही घेऊन पुढे आली. दोनच ओळी होत्या: ‘बाई, ज्योत असताना पाणी फारसं चढत नाही. विझल्यावर भसकन चढतं.’

मी तिच्या बाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसले, डोळे बशीच्या पातळीला आणले. खरंच की! ऑक्सिजन जळेल तसतशी त्याची जागा पाणी घेत असेल, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू वर यायला हवं. ते थांबून राहिलं होतं. शिवाय ग्लास टेकवताना त्याच्या काठाखालून तीन-चार बुडबुडे बाहेर आले. अकरा वर्षांत मला ते दिसले नव्हते, कारण मी कायम उभी असायचे आणि बोलत असायचे.

तेवढ्यात शेजारच्या गटाने न विचारता एकाच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. माझं फळ्यावरचं वाक्य खरं असतं, तर पाणी तेवढंच चढायला हवं होतं. चांगलं दोन बोटं जास्त चढलं.

मग बसक्या आवाजात सांगावंच लागलं. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी काठाखालून निसटते, तेच बुडबुडे. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन तर संपतही नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती मान टाकते.

“मग आधीच्या मुलांना तुम्ही चुकीचं शिकवलंत?” एकाने विचारलं. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या मुलीचं लक्ष एव्हाना भलतीकडेच होतं. विझलेल्या वातीतून निघणारी पांढरी धुराची रेघ ती बघत होती. तो धूर म्हणजे मेणाची वाफच. मी सांगितलं नाही, काडी पेटवून त्या रेघेला वरच्या वर लावली. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वातीवर बसली. १८६०च्या नाताळात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं सुरू केली, त्यांत ही गंमत आहे. ते सांगायला तोंड उघडलं, पण ऐकायला कोण होतं? ती फूटपट्टी शोधत होती.

घंटा झाल्यावरही हलेनात. सर्वांत लांब उडी: ४ सेंटीमीटर. खिडकी लावून घेतली, तेव्हा.