‘कितीचं मॉडेल?’ : आमच्या गॅरेजची वाटचाल

कोल्हापुरात जुनी गाडी दारात आली की शेजारी, पाहुणे, दूधवाला सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "कितीचं मॉडेल?" उत्तर ऐकून मान डोलवायची की नाक मुरडायचं ते ठरतं. शिवाजी उद्यमनगरात आबांचं गॅरेज होतं तेव्हा या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. अँबॅसडर अलीकडची असो की पलीकडची, बॉनेट उघडलं की आत जवळजवळ तेच. आबा कानानं टॅपेट ऐकायचे आणि गाडी परत देताना एवढंच सांगायचे, "पाणी बघत जावा."

पुण्यात एका महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढून मी २०१२ साली परत आलो. तोवर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांकडं जर्मन एसयूव्ही दिसायला लागल्या होत्या. त्यातल्या निम्म्या पुण्या-मुंबईत कुणीतरी वापरून सोडलेल्या. साठ लाखांची गाडी पंचवीसमध्ये मिळते म्हटल्यावर कोण सोडतंय? मी बँकेचं कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला. आबा म्हणाले, "एवढ्यात लेथ आली असती." पहिले सहा महिने तो स्कॅनर नुसता बघायलाच लोक यायचे.

२०१४ साली इचलकरंजीच्या एका डॉक्टरांना मुंबईहून गाडी पसंत करून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. आरसीवर नोंदणी फेब्रुवारी २०१२ ची. पत्रा, टायर, इंजिनचा आवाज, स्कॅन, सगळं बघितलं आणि कागदावर ‘ओके’ लिहून सही ठोकली. आठ महिन्यांनी गिअरबॉक्स झटके द्यायला लागला. गाडी लिफ्टवर घेऊन बॉक्सवरचा नंबर वाचला, तेव्हा कळलं की हा जुन्या पद्धतीचा बॉक्स. कंपनीनं तो २०११ च्या मध्यालाच बदलला होता. ही गाडी त्याआधी बनलेली, डीलरच्या यार्डात उन्हापावसात उभी राहिलेली आणि साल उलटल्यावर विकली गेलेली. बनल्याचा महिना त्याच आरसीवर छापलेला होता, ०४/२०११. मी तो वाचलाच नव्हता. खर्च एक लाख ऐंशी हजार. निम्मे मी भरले. डॉक्टर एका शब्दानं बोलले नाहीत, पण पुढं दोन वर्षं फिरकलेही नाहीत.

त्या रात्री एक फुलस्केप वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : नोंदणीचं साल वेगळं, बनल्याचं वेगळं, इंजिनचं वेगळं. आमचा आजचा धंदा त्या वहीवर उभा आहे. दुरुस्ती चालूच आहे, पण निम्मं उत्पन्न आता घेण्याआधी गाडी तपासून देण्याचं.

वहीत काय आहे ते सांगायला काही हरकत नाही, सगळं जगाला माहीत असलेलंच आहे. बीएमडब्ल्यूचं एन-४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन घ्या. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी, पुढं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन ढिली पडून खरखरते, तुटली तर इंजिनच जातं, आणि बदलायची तर आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवा. २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या इंजिनांबद्दल जगभर सगळ्यात जास्त तक्रारी आल्या. हे इंजिन असलेली बीएमडब्ल्यूची पहिली एक्स-वन आपल्याकडं आली २०१० च्या अखेरीस, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या नेमक्या त्या खिडकीत सापडतात. पुढं बी-४७ इंजिन आलं. चेन तिथंही मागंच, पण तक्रारी कमी. म्हणून एक्स-वन घ्यायचीच असेल तर आम्ही २०१६ नंतरची, दुसऱ्या पिढीची बघा म्हणतो. त्याआधीची घ्यायची झाली तर रात्रभर थंड झालेलं इंजिन सकाळी आमच्यासमोर चालू करायचं. मालकानं आधीच गरम करून ठेवलेली गाडी आम्ही तपासतच नाही, चहा पिऊन परत येतो.

मर्सिडीजच्या एमएल आणि जीएलमधलं तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल तसं दणकट. पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या घळीत बसवलाय. तिथल्या उष्णतेनं सील कडक होतं आणि ऑइल झिरपत इंजिनच्या मागच्या बाजूनं खाली उतरतं. खालून बघणाऱ्याला वाटतं क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं. सील स्वस्तातलं, पण तिथवर पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. कंपनीनं पुढं सीलचं मटेरियल सुधारलं. त्यामुळं इथं सालापेक्षा ते काम झाल्याचं बिल आहे का, हे आम्ही आधी विचारतो.

ऑडी क्यू-सेव्हनच्या बाबतीत साल महत्त्वाचं आणि फसवंही. दुसरी पिढी आपल्याकडं डिसेंबर २०१५ मध्ये आली, आधीच्या गाडीपेक्षा सव्वातीनशे किलोपर्यंत हलकी. म्हणजे २०१५-१६ ची नोंदणी असलेल्या दोन क्यू-सेव्हन शेजारी उभ्या केल्या तर त्या दोन वेगळ्याच गाड्या असू शकतात. दलाल दोन्हींना ‘सोळाचं मॉडेल’ म्हणतो.

लँड रोव्हर डिस्कव्हरी-फोर गिऱ्हाईकाला बघताक्षणी आवडते, मलाही आवडते. तीन लिटरच्या डिझेलात क्रँकशाफ्ट तुटल्याची उदाहरणं अनेक देशांतली आहेत, आणि ते आधी ओळखायची खात्रीची युक्ती नाही. एअर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या हवेच्या फुग्यांचं, मात्र ओळखता येतं, आणि त्याला स्कॅनरही लागत नाही. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करायची, चारही चाकांच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत टेपनं मोजायचं, आकडे लिहायचे आणि सकाळी चालू करण्याआधी परत मोजायचं. गाडी लॉक केल्यावर स्वतःहून थोडी समतोल साधते, ते धरायचं नाही. पण एकच कोपरा दोन बोटं बसला असेल तर तिथली हवा गळतेय आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसर झिजतोय. हे मी आबांकडून शिकलो. ते ट्रकचे पाटे असेच मोजायचे.

नव्या मॉडेलचं पहिलं वर्ष टाळा आणि पिढी संपतानाच्या दोन वर्षांतली गाडी शोधा, हा आमचा ढोबळ ठोकताळा. तोवर कंपनीचं बरंचसं शिकून झालेलं असतं. टोयोटाच्या प्राडो, लँड क्रूझरबद्दल वहीत जेमतेम पाऊण पान आहे. तिथं सालापेक्षा कागद बघायचे आणि भाव ऐकून गप्प बसायचं.

‘जेवढी नवी तेवढी चांगली’ हेही खरं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा धुराचा कडक नियम आला. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर भरला की तो जाळून साफ करायला गाडी हायवेला सलग पळावी लागते. आमचं गिऱ्हाईक राजारामपुरीतून निघून चार किलोमीटरवर कारखान्यात जातं आणि परत येतं. फिल्टरची साफसफाई अर्धवट राहते, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. मालक खूश, "बघा, ऑइल खातच नाही!" अशांना मी सरळ पेट्रोल सुचवतो. त्यावर दोघे-तिघे रुसलेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा फुगली, शिरोलीजवळ हायवे काही दिवस बंद होता. त्यानंतर वर्षभर आमच्याकडं धुऊनपुसून अत्तर मारलेल्या गाड्या येत होत्या. तेव्हापासून तपासणीची सुरुवात सीटबेल्टनं करतो. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. धुणाऱ्यानं वरचा हातभर भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ तशीच राहते. बहुतेक पट्ट्यांच्या तळाशी तो बनल्याची तारीखही शिवलेली असते. गाडी २०१५ ची आणि ड्रायव्हरचा पट्टा २०१८ चा निघाला तर तो बहुधा अपघातानंतर बदललेला, मग ‘एअरबॅग कधी उघडली होती?’ एवढंच विचारायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. चेसिस नंबरातलं दहावं अक्षर साल सांगतं असं बरेच जण म्हणतात. काही कंपन्यांत सांगतं, पण युरोपातल्या कित्येक गाड्यांत त्या जागी साल नसतंच.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल रोज एक फोन असतो. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं आणि मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली. तो नियम पुढंमागं होत राहिला, पण गाड्या स्वस्तात खाली येत राहिल्या. गाडी वाईट असतेच असं नाही. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब मांडला की मात्र निम्मे लोक गप्प होतात.

आज आम्ही पाच जण आहोत. वही बायकोनं कॉम्प्युटरवर चढवलीय, पण गिऱ्हाइकासमोर मी कागदाचीच काढतो. आबा दारात खुर्ची टाकून बसतात. कुणी आत उभ्या गाडीकडं बोट करून "कितीचं मॉडेल, आबा?" विचारलं की म्हणतात, "आत जावा. पोरगं अर्धा तास सांगतंय."

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. "मिस्त्री, परत एक घ्यायचीय." दोन गाड्या नाकारल्या, एकीच्या आरसीवरच्या महिन्यावरून आणि दुसरीच्या सीटबेल्टवरून. तिसरी सांगलीत आहे. काल संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः टेपचं टोक धरलं आणि मी चारही आकडे लिहून घेतले. आज सकाळी सहाला परत मोजलं. मागचा डावा कोपरा एक बोट खाली. डॉक्टर म्हणाले, "एकच बोट आहे हो." मी म्हटलं, उद्या अजून एकदा मोजू.