दादाच्या बागेतल्या सोळा ओळी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दादाने माझ्यासमोर वहीचं एक पान धरलं. डावीकडे ‘मारलेलं’, उजवीकडे ‘न मारलेलं’, आणि खाली दोनशे मण्यांचे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे आकडे. दिंडोरीजवळच्या आमच्या एकरभर थॉमसन द्राक्षांच्या बागेत त्याने वरच्या वीस ओळींवर मणी भरताना झिरो-झिरो-पन्नास हे पोटॅशचं खत फवारलं होतं, खालच्या वीस ओळींवर नाही. वरची गोडी सरळसरळ जास्त.

‘‘तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मग सांग, पोटॅशने गोडी वाढली की नाही?’’

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते. त्या पानावरून काहीच सांगता येणार नाही हे मला बघताक्षणी कळलं, आणि ते दादाला सांगणं जड गेलं. भर उन्हात एकेक मणी पिळून लिहिले होते त्याने ते आकडे.

आमची बाग उतारावर आहे. रस्त्याकडच्या ओळी मुरमाड जमिनीत, नाल्याकडच्या काळ्या भारी जमिनीत. हलक्या जमिनीतलं द्राक्ष लवकर पिकतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय वरच्या वेली कमी जोमाच्या, म्हणून घड कमी. आणि वेलीवर घड कमी असले की एकेकाच्या वाट्याला साखर जास्त येते. म्हणजे वरच्या अर्ध्या बागेत पोटॅश होतं, मुरूम होता आणि कमी घडही होते. गोडीचं श्रेय तिघांपैकी कुणाला द्यायचं? आम्ही वर्गात याला कन्फाउंडिंग म्हणतो. कारणांचा असा गुंता एकदा पडला, की तो मागाहून कुठल्याही सूत्राने सुटत नाही.

‘‘पण दोनशे मणी मोजलेत मी.’’

माझे एम.एस्सी.चे विद्यार्थीही नेमके इथेच अडतात. मणी दोनशे मोजले, पण फवारणीचा निर्णय दोनदाच झाला: वरचा अर्धा हो, खालचा अर्धा नाही. एकाच ओळीतले शंभर मणी त्याच मातीची, त्याच पाण्याची एकच गोष्ट शंभरदा सांगतात. आपल्याकडे स्वतंत्र साक्षीदार किती, हे मण्यांच्या संख्येवर नाही, फवारणी कशाकशाला वेगवेगळी वाटून दिली त्यावर ठरतं. दोनशेऐवजी दोन हजार मणी पिळले असते तरी साक्षीदार दोनच.

प्रयोगांची आखणी कशी करावी हे शिकवणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कोलकात्यात, पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बऱ्याचदा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढं तो कदाचित सांगू शकेल. दर मार्चमध्ये भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन कुणीतरी येतं आणि विचारतं, ‘‘मॅडम, याला कुठली टेस्ट लावू?’’ तेव्हा मला हे वाक्य आठवतं आणि मनापासून वाईट वाटतं. त्या मुलांनी चार महिने आधी यायला हवं होतं. फिशरना हे सुचलं तेही शेतावरच. १९१९ पासून ते इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात होते, आणि एकाच शेतातली जमीन पावलागणिक बदलते ही अडचण तिथेही होतीच.

मी दादाला म्हटलं, एक हंगाम माझ्या पद्धतीने कर. फवारणी कुठे करायची ते तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. चिठ्ठ्या ठरवतील.

त्याला ते पटेना. अनुभवी माणसाने डोळे मिटून ओळी का निवडाव्यात? तेव्हा मी, गावाचं पीक किती आलं ते ठरवायला करतात त्या पीक कापणी प्रयोगाची आठवण करून दिली. पीकविम्यामुळे तो गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या शेतात आणि शेताच्या कुठल्या तुकड्यात कापणी करायची, ते तिथे यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं, कुणाच्या पसंतीवर नाही. ही पद्धत देशात १९४०च्या दशकात रुजवण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे: पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे. दादा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘बरं, काढ चिठ्ठ्या.’’

चाळीस ओळींचे उतारावरून खाली असे दहा-दहाचे चार गट पाडले. प्रत्येक गटातल्या चारच ओळी प्रयोगाला घेतल्या, आणि मध्ये एकेक ओळ मोकळी सोडली, कारण ब्लोअरचा फवारा शेजारी उडतोच. गटातल्या चारांपैकी दोन हो, दोन नाही. वहिनींनी पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून दिला. भाच्याने शेडमध्ये खाटेवर बसून एकेका गटाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि मी लिहून घेतल्या. अशा वाटणीच्या एका गटात सहा तऱ्हा होतात, चार गटांत मिळून १,२९६. त्यातली एक आमच्या वाट्याला आली. तिसऱ्या गटात दोन्ही ‘हो’ लागून आल्या. दादा म्हणाला, ‘‘परत काढ, नीट मिसळल्या नाहीत.’’ मी परत काढू दिल्या नाहीत. मनासारखी येईपर्यंत चिठ्ठी काढायची, तर ती चिठ्ठी कसली?

‘नाही’च्या ओळींवर त्याच दिवशी नुसतं पाणी फवारलं. मोजायच्या वेळी भाच्याने प्रत्येक घडाचे वरचे, मधले आणि शेंड्याचे मणी घेऊन पिशव्यांवर फक्त आकडे टाकले. वहिनी गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब सोडायच्या, झाकण दाबायच्या, उजेडाकडे तोंड करून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचायच्या आणि काच पुसायच्या. कुठली पिशवी कुठल्या ओळीची हे त्यांना माहीत नव्हतं. पिशव्यांचा क्रमही मिसळलेला होता; नाहीतर सकाळी एक बाजू आणि दुपारी दुसरी असं झालं, तर ऊनही हिशेबात घुसतं.

दोन गटांत फवारलेल्या ओळी गोडीत पुढे, दोन गटांत मागे. वरच्या आणि खालच्या गटांतला फरक मात्र ठळक होता, फवारलेल्या ओळींतही आणि न फवारलेल्यांतही. वेलीला काय कमी-जास्त आहे हे पानांच्या देठांवरून तपासतात, त्या आमच्या देठ परीक्षणात पोटॅश आधीच पुरेसं आलं होतं, तेव्हा मला याचं नवल वाटलं नाही. पण यावरून पोटॅश निरुपयोगी ठरत नाही. या बागेत, या हंगामात, सोळा ओळींतून दिसेल एवढा मोठा परिणाम झाला नाही, एवढंच मी म्हणेन. चारही गटांत फवारलेल्या ओळी पुढे निघाल्या असत्या, तरी चार नाणी उडवून चारही छापे पडावेत तसं, निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता सोळात एक उरतेच. दादाला हे ऐकायला आवडलं नाही, पण पटलं.

मी ओळीओळीतले घडही मोजून ठेवले होते. चारही गटांत कमी घडांच्या ओळी जास्त गोड निघाल्या. दादा लगेच म्हणाला, ‘‘बघ, घडच कमी ठेवायला हवेत.’’ पण घड आम्ही वाटून दिले नव्हते, ते वेलींवर जसे होते तसे होते. अशक्त वेलीवर घडही कमी आणि मणीही वेगळे, असं असू शकतं. हा संबंध खरा दिसतोय, पण कारण तपासायचं तर घडही चिठ्ठीनेच ठरवायला हवेत.

ऑक्टोबर छाटणी आता महिन्यावर आली आहे. या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र घेतोय: पोटॅश हो किंवा नाही, घड नेहमीएवढे किंवा कमी. त्यांच्या जोड्या चार, प्रत्येक गटात ओळी चार. जादा ओळ लागत नाही, आणि कमी घडांच्या वेलींवर पोटॅश वेगळं वागतं का तेही बघता येईल. घडांच्या विरळणीला पेठ तालुक्याकडची मजुरांची टोळी येते, म्हणून त्याआधी ओळींच्या खांबांना रंगीत रिबिनी बांधायला हव्यात.

वहिनींची हरकत निराळी होती. ‘‘ताई, आठ ओळींचे घड काढून टाकणार, मग वजन किती घटलं तेही लिहाल ना? व्यापारी काही नुसती गोडी तोलत नाही.’’

हे माझ्या आराखड्यात नव्हतं. परवाच्या रविवारी दिंडोरीला जाईन तेव्हा वहीत आणखी एक रकाना आखायचा आहे: ओळीमागे किलो.