ऐकत नाही

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

सकाळी दवाखान्यात जे झालं ते लिहायला बसले होते, पण हात संध्याकाळपाशीच अडतोय. आधी तेच लिहिते.

दवाखान्यातून मनूला पाळणाघरात सोडून मी अर्धा दिवस ऑफिसला गेले होते. संध्याकाळी आईंनी तिला आणून ठेवलं होतं. मी चपला काढल्या आणि दारातूनच नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मनू, आई आली." ती पाठमोरी बसून वाट्या एकात एक घालत होती. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. मग वळसा घालून तिच्यासमोर जाऊन बसले. मला बघितल्यावर तिचं तोंड असं फुललं, जणू मी आकाशातून पडले. वाट्या टाकून दोन्ही हात वर.

मुद्दाम दुर्लक्ष करणारं मूल असं हसत नाही. मी आल्याचं तिला कळलंच नव्हतं.

आणि गणपतीपासून मी घरीदारी सगळ्यांना सांगत सुटले आहे, "हल्ली अजिबात ऐकत नाही." पाळणाघरातल्या ताईंनीही तेच सांगितलं होतं, गोष्ट चालू असताना उठून जाते, बसवलं तरी ऐकत नाही. त्या रात्री मी तिचे खांदे धरून विचारलं होतं, "तुला ऐकायचंच नाहीये ना?" पावणेदोन वर्षांच्या पोरीला! ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मला वाटलं, किती निगरगट्ट आहे. आज ते ओठांकडे बघणं सारखं डोळ्यांपुढे येतंय.

आता सकाळचं. डॉक्टरांनी कानाच्या तोंडाशी मऊ रबराचं बोंडूक लावलं, मशीनने हवेचा दाब कमी-जास्त केला आणि कागदाची पट्टी बाहेर आली. पडदा नीट हलत असेल तर त्यावर डोंगरासारखा उंचवटा दिसतो. मनूची रेघ दोन्ही कानांची सपाट. दुष्काळातल्या माळासारखी, आणि आत मात्र पाणी. पडद्यामागे चिकट पाणी साचलंय, त्यामुळे पडदा थरथरत नाही. सप्टेंबरच्या शेवटी तपासलं तेव्हाही होतं. नोव्हेंबरात डावा कान फुटला, ते भोक आता भरून आलंय, पण पाणी पुन्हा साचलंय.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. नाकाच्या मागून कानात जाणारी नळी मोठ्यांमध्ये उताराची असते, लहानग्यांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून सर्दी झाली की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वय वाढतं तशी नळी लांबते, तिरकी होते, आणि बहुतेकांचा त्रास आपसूक कमी होतो. दूध झोपवून पाजता का, असं विचारलं. हो, रात्रीची बाटली. घरात कुणी सिगरेट ओढतं का, असंही विचारलं. मी "घरात नाही" म्हणाले. गच्चीचं सांगितलं नाही. त्यावर आज लिहीत नाही.

मग एका छोट्या डबीतून त्यांनी ग्रोमेट दाखवला, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायची इवलीशी नळी. शिवणयंत्राच्या बॉबिनसारखा, पण ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. मधे आरपार भोक. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घ्यायचं आणि हा तिथे बसवायचा, म्हणजे हवा खेळती राहते. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण पूर्ण भूल द्यावी लागते. पुढे सहा महिने ते दीड वर्षात तो सहसा आपोआप गळून पडतो. क्वचित पडद्याचं भोक तसंच राहतं, तेही त्यांनी लपवलं नाही.

घरी आल्यापासून प्रत्येकाचं मत ऐकतेय. आईंचं, एवढ्याशा जिवाला भूल? आमच्या वेळी लसूण कढवलेलं तेल घालायचो, मुलं मोठी झालीच की. (कान वाहत असताना तेल घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे मी तिसऱ्यांदा सांगितलं.) ह्याचं म्हणणं, ताट पडलं की दचकते, म्हणजे ऐकू येतंय, थांबू. वन्सं न्यू जर्सीहून म्हणाल्या, इकडे सर्रास बसवतात, आमच्या लेकाची एक नळी नऊ महिन्यांनी उशीवर सापडली होती. सगळ्यांना मत आहे. रात्री दोन वाजता तिला खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालणारी मी एकटी. सकाळी आठला डबे भरणारी मी, रजेच्या अर्जावर "मुलीचे आजारपण" लिहून साहेबांच्या चेहऱ्याकडे न बघणारीही मीच. कधीकधी वाटतं, माझंही कुणीतरी ऐकावं.

ऐकावं. बघ, हाच शब्द पुन्हा.

मनू झोपल्यावर वाचत बसले. 2021 साली अमेरिकेत सहा ते पस्तीस महिन्यांच्या 250 मुलांवर झालेला एक अभ्यास सापडला. सगळी वारंवार कान दुखणारी मुलं. काहींना ह्याच नळ्या बसवल्या, काहींना फक्त औषधं, आणि दोन वर्षं बघितलं. वर्षाला दर मुलामागे कानदुखी एकीकडे 1.48 वेळा, दुसरीकडे 1.56 वेळा. म्हणजे जवळजवळ सारखंच. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. चला, थांबू. ह्याला उठवून सांगणार होते.

मग 2022 ची तिथल्याच कान-नाक-घसा डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. नुसता कान पुन्हा पुन्हा दुखतो, पण तपासताना पडद्यामागे पाणी नाही, तर नळ्या बसवू नयेत. पाणी असेल तर नळ्यांचा पर्याय द्यावा. दोन्ही कानांत तीन महिने किंवा जास्त पाणी आणि त्यासोबत ऐकू कमी येत असेल, तरीही.

उठून कालनिर्णय काढलं. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर. दुधाच्या आणि गॅसच्या आकड्यांच्या मधे माझे लाल गोल, दहा-दहा दिवसांचे अँटिबायोटिकचे तीन कोर्स. ताप किती, तेही लिहिलंय. नोव्हेंबरच्या एका चौकटीत "डावा फुटला, अभ्र्यावर डाग, मग शांत झोपली." किती मन लावून नोंदी ठेवल्या होत्या मी. पण सगळ्या दुखण्याच्या. दोन दुखण्यांच्या मधल्या शांत दिवसांत चौकटी कोऱ्या. ते दिवस मी सुटकेचे समजत होते, आणि त्याच दिवसांत ती पाण्याखालून आमची बोलणी ऐकत होती. "बस" ला नुसतं "ब" म्हणते, "शू" ला "ऊ". आम्हाला गोड वाटायचं, व्हिडिओ काढून गटावर टाकले होते. हलके आवाज तिच्यापर्यंत पोचतच नसतील तर ती ते म्हणणार तरी कुठून? ताट पडलं की कुणीही दचकेल. "स" पडल्याचा आवाज होत नाही.

त्या खांदे धरलेल्या रात्रीचं काय करू, ते कळत नाही. डॉक्टरांना ते सांगितलं नाही. ह्यालाही नाही. इथे लिहिलं, तरी छातीवरचं हललं नाही.

एक मात्र आज झालं. जेवताना मी तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला मांडी घालून बसले. टीव्ही बंद, पंखा बंद. तोंड नीट उघडून सावकाश म्हटलं, "भा-त." ती माझ्या हनुवटीला भाताची बोटं लावून म्हणाली, "भात." पूर्ण, "त" सकट. तीन वेळा म्हणून घेतलं. चौथ्यांदा कंटाळली आणि भात माझ्या मांडीवर सांडला. म्हणजे आत्ता, ऑपरेशन आधी किंवा ऑपरेशन नाही, तरीही करण्यासारखं काहीतरी माझ्या हातात आहे. तेवढ्याने दुपारपासूनचा गळ्यातला आवंढा थोडा खाली गेला.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने डिसेंबरअखेर पुरे होतात. तेव्हा पुन्हा पट्टी काढू आणि ऐकण्याची तपासणीही करू. मी माझ्यापुरतं ठरवलंय. रेघ वर आली तर नुसतं लक्ष ठेवायचं. सपाटच राहिली आणि ऐकू कमी येतंय असं निघालं, तर भूलतज्ज्ञांना आधी भेटून सगळे प्रश्न विचारायचे आणि मग नळ्या बसवून घ्यायच्या. आईंना मी समजावीन. त्या घाबरल्यात, हट्टाने बोलत नाहीयेत, हेही आज पहिल्यांदा नीट कळलं. रात्रीची बाटली आजपासून मांडीवर, डोकं वर करून. गच्चीचं ह्याच्याशी रविवारी बोलायचं.

आणि उद्या सकाळी पहिलं काम, ताईंना सांगायचं. मनूला गोष्टीच्या वेळी पुढे बसवा, अगदी तुमच्या समोर, तोंड दिसेल असं. ती उठून जात होती कारण मागच्या रांगेत तिला गोष्ट पोचतच नव्हती.