त्या पैशातून किती ऑपरेशनं झाली?

कार्डिफमध्ये सेनेडच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या, एका सदस्यांकडे मी काम करते. वेल्सला स्वतःचं विधिमंडळ असावं याला 1997 च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी जेमतेम 50.3 टक्के लोकांनी होकार दिला, आणि 1999 पासून इथलं आरोग्य खातं लंडनऐवजी राजधानी कार्डिफच्या हाती आलं. आज वेल्स सरकारचा निम्म्याहून जास्त पैसा आरोग्य आणि वृद्धांच्या देखभालीवर जातो.

2024 च्या हिवाळ्यातली गोष्ट. मतदारसंघातले एक निवृत्त खाणकामगार खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षांहून जास्त थांबले होते. इथलं उद्दिष्ट असं, की डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यापासून 26 आठवड्यांत 95 टक्के रुग्णांवर उपचार सुरू व्हावेत. त्यांच्या भागातली सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या आरोग्य मंडळाला आम्ही लिहिलं होतं, त्याचं उत्तर त्या सकाळी आलं. निधी किती मिळाला, शनिवारी जादा तपासण्या कशा ठेवल्या, सगळं होतं. या गृहस्थांच्या ऑपरेशनच्या तारखेचा उल्लेखही नव्हता. मी फोनवर पत्र वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “पैसे आले हे कळलं. त्यातून ऑपरेशनं किती झाली?”

दुसऱ्या दिवशी त्याच मंडळाचे अधिकारी सेनेडच्या आरोग्य समितीपुढे येणार होते आणि आमच्या सदस्यांसाठी प्रश्न मला काढायचे होते. मी आधीचा मसुदा बाजूला ठेवला. निधी विचारला की निधीचाच आकडा मिळतो, आणि तो नेहमी मोठाच असतो. एप्रिल 2022 च्या आराखड्यात सरकारने त्या कार्यकाळासाठी 100 कोटी पौंडांहून जास्त रक्कम जाहीर केली. बहुतेक विभागांतली दोन वर्षांवरची प्रतीक्षा मार्च 2023 पर्यंत संपवू, असंही म्हटलं. ती मुदत हुकली. प्रतीक्षा यादी कोरोनाआधीच्या पातळीवर यायला सात वर्षंही लागू शकतील, हे महालेखापरीक्षकांनी (आपल्याकडच्या कॅगसारखंच हे पद) 2022 मध्येच सांगितलं होतं.

मग पैसा अडतो कुठे? बऱ्याचदा खाटांपाशी. बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी पाठवता येत नाहीत, कारण घरच्या देखभालीची सोय स्थानिक कौन्सिलने करायची असते आणि तिच्याकडे माणसं नसतात. हिवाळ्यात तातडीचे रुग्ण वाढले की हाडांच्या विभागातल्या खाटा त्यांना जातात. सर्जन हजर, भूलतज्ज्ञ हजर, आणि ऑपरेशन रद्द. मंडळ कौन्सिलकडे बोट दाखवतं, कौन्सिल सरकारकडे, सरकार लंडनकडून येणाऱ्या अनुदानाकडे. अनुदानाची तक्रार पूर्ण खोटी नाही. इथली लोकसंख्या म्हातारी आहे, आजारीही जास्त. पण मिळालेला पैसा कुठे लावायचा, हे कार्डिफच ठरवतं. त्याचा जाब कार्डिफमध्येच विचारला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

मी तीनच प्रश्न दिले. जादा निधीतून खुब्याची आणि गुडघ्याची किती ऑपरेशनं झाली, महिन्यागणिक? खाट नसल्यामुळे आयत्या वेळी किती रद्द झाली? हाडांच्या विभागातल्या खाटा किती दिवस दुसऱ्या रुग्णांकडे होत्या?

समितीत पहिल्या प्रश्नालाच अधिकारी कागद चाळू लागले. शेवटी म्हणाले, आकडे लेखी पाठवतो. अध्यक्षांनी तिथेच मुदत घालून दिली.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांना फोन केला. तारीख अजून नव्हती, हे आधी सांगितलं; मग समितीतलं. लेखी उत्तर आलं की त्याच्या तीन प्रती पोस्टाने पाठवा, म्हणाले. त्यांच्या गल्लीतले आणखी दोघं याच यादीत होते.